पटलयुक्त अंगके आणि पेशींचे वैविध्य : रायपूरच्या संदर्भात एक विवेचन

रायपूर शहरातील मराठी कुटुंबांत विज्ञानाचा अभ्यास दोन भाषांच्या सीमेवर होतो. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत, पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या प्रशासनाच्या निमित्ताने आणि त्यानंतर मुंबई-हावडा लोहमार्गाच्या ओघात येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी भाषकांची मुले बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. घरात मात्र मराठी टिकून आहे. या मुलांना जीवशास्त्राच्या अगदी आरंभीच्या धड्यात एक विलक्षण अडचण येते. मराठीत जिला पेशी म्हणतात तिला हिंदी पाठ्यपुस्तक कोशिका म्हणते. आणि हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. (न्यायालयातील सुनावणीची तारीख हाही हिंदीतील पेशीचा एक प्रचलित अर्थ आहे, तो वेगळाच.) उलटपक्षी मराठीतला स्नायू हा शब्द हिंदीत गेला की त्याला अस्थिबंधाचा, तर व्यवहारात मज्जातंतूचा अर्थ प्राप्त होतो. शब्द तेच, लिपी तीच, व्युत्पत्तीही एकच, आणि अर्थ मात्र शरीराच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेले.

ही केवळ शाळकरी गैरसोय असती तर तिची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु छत्तीसगड व विदर्भ हा सलग भूप्रदेश सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा प्रदेश आहे, आणि येथील अनेक घरांत पेशी हा शब्द पाठ्यपुस्तकातून येण्याआधी रक्ततपासणीच्या अहवालातून येतो. तो अहवाल समजून घ्यावयाचा तर पेशीच्या अंतर्रचनेची, म्हणजेच तिच्यातील पटलयुक्त अंगकांची, काही कल्पना असावी लागते. विशेषतः एखाद्या पेशीत कोणते अंगक नाही, हे कळावे लागते. पाठ्यपुस्तकांतील धडे याच बाबतीत तोकडे पडतात.

परिभाषेचा प्रश्न प्रथम हातावेगळा करणे इष्ट. मराठी विश्वकोशाच्या आरंभीच्या खंडांनी कोशिका हा शब्द स्वीकारून पेशी हा पर्याय कंसात दिला. बालभारतीच्या पुस्तकांनी पेशी हाच शब्द रूढ केला. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून केलेल्या कोशकार्यामागे संस्कृतोद्भव परिभाषा सर्व भारतीय भाषांना सारखीच उपयोगी पडावी, अशी दृष्टी होती. ज्या प्रांतात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या, त्या प्रांताला ती दृष्टी मानवणारी होती. प्रत्यक्षात दोन्ही भाषांनी आपापली निवड केली, आणि काही ठिकाणी ती निवड उद्बोधक ठरली. इंग्रजीतील व्हॅक्युओल या अंगकाला मराठीने रिक्तिका म्हटले, तर हिंदीने रसधानी. मराठी शब्द लॅटिन मुळाशी एकनिष्ठ आहे. परंतु वनस्पतिपेशीतील हे अंगक रिकामे नसते, ते रसाने तुडुंब भरलेले असते. येथे हिंदी शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे, हे मराठी अभ्यासकाने मोकळेपणाने मान्य करावयास हरकत नाही. तंतुकणिका हा मराठी शब्द आणि सूत्रकणिका हा जुन्या हिंदी पुस्तकांतील शब्द, हे दोन्ही मायटोकॉन्ड्रियाच्या ग्रीक व्युत्पत्तीची अक्षरशः भाषांतरे होत. विश्वकोशाच्या परिभाषेत कोशिका म्हणजे पेशी आणि केशिका म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिनी. एका मात्रेच्या फरकाने वाचकाची किती दिशाभूल होऊ शकते, हे निराळे सांगावयास नको. प्रस्तुत विवेचनात मराठी वाचकांच्या सवयीची पेशी, अंगक, पटल ही परिभाषा वापरली आहे.

पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर व त्यात रुतलेली प्रथिने. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दीड लाखाव्या भागाइतकी भरते. जीवाणूंसारख्या आदिकेंद्रकी पेशींत असे पटल सामान्यतः फक्त बाहेरून असते. आत पटलाने वेगळे काढलेले केंद्रक नसते. वनस्पती, प्राणी, कवके यांच्या दृश्यकेंद्रकी पेशींत मात्र बाहेरच्या पटलाखेरीज आतही पटलांनी वेढलेली स्वतंत्र दालने असतात : केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, तंतुकणिका, लयकारिका, रिक्तिका, आणि वनस्पतींत लवके. रायबोसोम हे प्रथिननिर्मितीचे कण मात्र पटलविरहित असल्याने या यादीत बसत नाहीत.

दालने वेगळी का असावी लागतात, हे लयकारिकेवरून चटकन ध्यानात येते. तिच्यातील विकरे आम्ल परिस्थितीत काम करतात. तिच्या आतील सामू सुमारे ५ असतो, तर बाहेरच्या पेशीद्रवाचा ७ च्या किंचित वर. पटल नसेल तर हे दोन द्रव एकमेकांत मिसळतील आणि एकाचेही कार्य होणार नाही. तंतुकणिकेची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तिच्या आतल्या, घड्या पडलेल्या पटलाच्या दोन बाजूंना हायड्रोजनच्या आयनांचे प्रमाण विषम ठेवले जाते आणि त्या विषमतेतून पेशीला ऊर्जा मिळते. बांधाने अडवलेल्या पाण्याशी याची तुलना करता येईल. बांध फुटला तर पाणी नाहीसे होत नाही, पण त्याच्यापासून मिळणारे काम थांबते.

या अंगकांचा शोध सव्वाशे वर्षांत टप्प्याटप्प्याने लागला. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये केंद्रकाला नाव दिले. कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये मज्जापेशींत आपल्या नावाने ओळखले जाणारे जाळे पाहिले. त्याच वर्षी कार्ल बेंडा यांनी मायटोकॉन्ड्रिया ही संज्ञा घडवली. लयकारिका १९५५ मध्ये क्रिस्तियाँ द दूव यांच्या संशोधनातून निश्चित झाली. या शेवटच्या अंगकाला आत्मघाती पिशवी हे नाव पाठ्यपुस्तकांत चिकटले ते कायमचे. नाव नाट्यमय आहे, परंतु फसवे आहे. लयकारिकेचा बहुतांश वेळ पेशीतील जीर्ण भाग विरघळवून त्यांतील द्रव्य पुन्हा वापरात आणण्यात जातो. पेशीला कारखाना म्हणणारी, केंद्रकाला व्यवस्थापक आणि तंतुकणिकेला वीजघर ठरवणारी उपमाही अशीच अर्धवट उपयोगी आहे. या उपमेमुळे प्रत्येक पेशीत सगळे विभाग सारख्याच प्रमाणात असतात असा समज होतो, आणि परीक्षेतील आकृतीही तोच समज दृढ करते. त्या आकृतीसारखी पेशी कोणत्याच शरीरात नसते.

छत्तीसगडच्या धानाचेच उदाहरण घ्यावे. भाताच्या पानातील पेशीत हरितलवके असतात, मध्यभागी मोठी रिक्तिका असते. त्याच रोपाच्या मुळातील पेशीत हरितलवके आढळत नाहीत; जमिनीखाली त्यांचा उपयोग नाही. दाण्यातील पेशींत लवके असतात, पण ती अवर्ण असून पिष्टाने ठासून भरलेली असतात. शिजवलेला भात म्हणजे मुख्यतः या लवकांचा संचय होय. दाणा पक्व होताना पिष्ट साठवणाऱ्या या पेशी मृत होतात आणि त्यांच्या भोवतीचा, कोंड्यात जाणारा पातळ थर मात्र जिवंत राहतो. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपुरात भाताच्या हजारो देशी वाणांचा संग्रह केला. तो वारसा आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आहे आणि तेथील भाताच्या नमुन्यांची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. इतक्या वाणांत भिन्नता कशाकशाची असेल, याचा विचार करताना सामान्यतः केंद्रकातील जनुकेच डोळ्यांसमोर येतात. परंतु संकरित भाताच्या प्रचलित पद्धतीत ज्या मादी वाणात जननक्षम पराग तयार होत नाहीत, त्या वाणाच्या या वैगुण्याचे मूळ तंतुकणिकेतील जनुकांत असते. तंतुकणिका मातेकडून येत असल्याने ते वैगुण्य पिढ्यान्‌पिढ्या जपता येते, आणि केंद्रकातील योग्य जनुक पित्याकडून मिळताच संकरित रोपात जननक्षमता पुन्हा प्राप्त होते. एका अंगकाचा दोष दुसऱ्या अंगकाने झाकण्याच्या या क्रियेवर जगातील फार मोठे भातक्षेत्र अवलंबून आहे.

प्राण्यांच्या पेशींतही हाच न्याय दिसतो. हृदयाच्या स्नायुपेशीच्या आकारमानाचा सुमारे तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. यकृताच्या पेशीत त्या हजाराच्या घरात असतात आणि औषधे व विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारी गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिकाही तेथे विपुल असते. स्वादुपिंडाच्या पाचकरस निर्माण करणाऱ्या पेशींत, तसेच प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या पेशींत, रायबोसोमयुक्त खडबडीत जालिकेचे थरावर थर असतात. शुक्रपेशीने बहुतेक पेशीद्रव टाकून दिलेले असते, परंतु शेपटीच्या मुळाशी तंतुकणिकांचे वेटोळे जपून ठेवलेले असते.

या सर्वांत तांबडी रक्तपेशी ही एकटीच अशी आहे की तिची ओळख तिने टाकलेल्या अंगकांवरून करून द्यावी लागते. अस्थिमज्जेत ती जन्मते तेव्हा तिला केंद्रक असते, तंतुकणिका असतात, जालिका असते. जसजसे हिमोग्लोबिन साठू लागते तसतसे केंद्रक आक्रसते, एका कडेला सरकते आणि अखेर पटलाच्या पातळ आवरणासह बाहेर ढकलले जाते. शेजारची भक्षकपेशी ते गिळून टाकते. उरलेल्या तंतुकणिका पेशी स्वतःच पटलाने वेढून लयकारिकांच्या हवाली करते. रक्तप्रवाहात आल्यावर एकदोन दिवसांत शेवटचे रायबोसोमही जातात. मागे राहते ती दोन्ही बाजूंनी खोलगट, सात ते आठ मायक्रोमीटर व्यासाची चकती. तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात अशा वीस लाखांहून अधिक पेशी दर सेकंदाला तयार होतात आणि प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते.

या त्यागाचे लाभ उघड आहेत. जागा मोकळी होते; आपल्यापेक्षा अरुंद केशवाहिनीतून पेशी दुमडून जाऊ शकते; आणि तंतुकणिका नसल्याने वाहून न्यावयाचा प्राणवायू ती स्वतः वापरत नाही. पक्षी, सरीसृप, बेडूक व मासे यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक कायम असते, त्याअर्थी केंद्रक टाकणे रक्ताला अपरिहार्य नव्हते. तो सस्तन प्राण्यांनी पत्करलेला मार्ग आहे. त्याची किंमतही मोजावी लागते. केंद्रक नाही म्हणून नवे प्रथिन घडवण्याची आज्ञा देता येत नाही. रायबोसोम नाहीत म्हणून ते घडवताही येत नाही. जे हिमोग्लोबिन एकदा भरले ते निर्दोष असो वा सदोष, मृत्यूपर्यंत तेच.

सिकलसेल विकाराचे मर्म येथे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते; हा एवढासा बदल व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिला. त्यापूर्वी १९४९ मध्येच लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला रेणूचा विकार म्हटले होते. प्राणवायू सोडल्यानंतर हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू बनवतात. तंतू बनण्याचा वेग रेणूंच्या दाटीवर फार अवलंबून असतो, आणि तांबड्या पेशीने अंगके टाकून हिमोग्लोबिनची विलक्षण दाटी करून ठेवलेली असते. ताप आला, शरीरातील पाणी कमी झाले की ही दाटी आणखी वाढते. पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, केशवाहिनीत अडकते आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. अशा पेशीचे आयुष्य १२० दिवसांवरून दहा ते वीस दिवसांवर येते. शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या आकाराला विळ्याची उपमा दिली. छत्तीसगडी बोलीत विळ्याला हँसिया म्हणतात आणि धानाच्या कापणीत तो घरोघरी हातात असतो. त्यामुळे हा आकार येथे वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

गेल्या दशकातील संशोधनाने या चित्रात एक महत्त्वाची भर घातली आहे. सिकलसेल रुग्णांच्या काही परिपक्व तांबड्या पेशींत तंतुकणिका शिल्लक राहिलेल्या आढळतात. ज्यांचा निचरा मज्जेतच व्हावयास हवा होता त्या रक्तप्रवाहात पोहोचतात, प्राणवायू वापरतात आणि पेशीला इजा करणारी क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे निर्माण करतात. हृदयाच्या पेशीत जे अंगक कमी पडले तर संकट, तेच तांबड्या पेशीत राहून गेले तर उपद्रव.

या रिकाम्या पेशीत एक परका वास्तव्यास येऊ शकतो. बस्तरच्या अरण्यप्रदेशाला हिवतापाचा, त्यातही फाल्सिपारम जातीच्या घातक हिवतापाचा, दीर्घ उपद्रव सोसावा लागला आहे. हिवतापाचा परजीवी हा स्वतः दृश्यकेंद्रकी आहे; त्याला केंद्रक आहे, तंतुकणिका आहे, आणि एका प्राचीन शैवालापासून वारसाने आलेले, चार पटलांचे, हरितद्रव्य गमावलेले लवकही आहे. डॉक्सिसायक्लिन हे औषध त्याच्या या लवकावर आघात करते. माणसाच्या पेशीत असे लवक नसते. सिकलसेलच्या वाहकांना फाल्सिपारमपासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, आणि हिवतापग्रस्त प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले त्याचे कारण हेच मानले जाते.

भारतात हा विकार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत नोंदवला गेला. मध्य भारताविषयी नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांचा निबंध लॅन्सेट या नियतकालिकात १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा केवळ आदिवासींचा आजार आहे ही समजूत विदर्भात आणि छत्तीसगडात बराच काळ होती. प्रत्यक्षात येथील अनेक बिगरआदिवासी शेतकरी व कारागीर समाजांतही तो आढळतो आणि काही समूहांत शेकडा दहा किंवा त्याहून अधिक व्यक्ती वाहक आहेत. रायपुरात या विकारासाठी राज्यशासनाची स्वतंत्र संस्था आहे. केंद्रशासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून सुरू केले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे.

उपचाराची दिशाही अंगकांच्या विचारातूनच उलगडते. रक्तात फिरणाऱ्या तांबड्या पेशीला केंद्रक नाही, म्हणून जनुकात दुरुस्ती करावयाची तर ती मज्जेतील केंद्रकयुक्त मूळपेशींतच करावी लागते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिलेली जनुकसंपादन पद्धती अशीच आहे. मूळपेशी शरीराबाहेर काढून त्यांच्यात बदल घडवला जातो, आणि त्या परत दिल्यानंतर त्यांच्यापासून होणाऱ्या तांबड्या पेशींत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. हे हिमोग्लोबिन तंतू बनण्यास अडथळा आणते. ते नवजात बालकात मुबलक असते, म्हणूनच जन्मानंतर पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. जनुकसंपादन अतिशय खर्चिक आहे. तेच हिमोग्लोबिन वाढवणारी, तुलनेने स्वस्त हायड्रॉक्सियुरिया ही गोळी मात्र सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आहे, आणि मध्य भारतात अनेक रुग्णांत ते हिमोग्लोबिन मुळातच अधिक असल्याने विकाराची तीव्रता काहीशी कमी आढळते.

अहवालावर एएस किंवा एसएस अशी अक्षरे असतात. एएस म्हणजे वाहक. हा शब्द हिंदी व मराठी दोन्हीकडे एकच असला तरी मराठीत रोगवाहक म्हटले की डास आठवतो, आणि एएस व्यक्तीपासून संसर्ग होईल असा ग्रह घरात होतो. सिकलसेल संसर्गाने पसरत नाही. वाहकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते. सदोष हिमोग्लोबिनचा वाटा निम्म्याहून कमी राहतो आणि नेहमीच्या जीवनात तंतू बनण्याइतकी दाटी होत नाही. बदललेले जनुक मातापित्यांकडून येते ते अंडपेशी व शुक्रपेशी यांच्या केंद्रकांतून. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोषमुक्त असण्याची चारात एक असते. हे प्रमाण प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल रुग्ण निपजले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब त्यातून निघत नाही.